चार्मथला अमोनाइट शोधायचे तर: हातोड्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. नऊ वर्षांच्या मुलाला जीवाश्मांचं वेड आहे. ऑगस्टमध्ये डॉर्सेटला चार्मथच्या किनाऱ्यावर दिवसभर फिरलो, पण दोन-चार तुटके बेलेम्नाइट सोडले तर हाती काही लागलं नाही. नाताळच्या सुट्टीत पुन्हा जाणार आहोत. हातोडा कोणता घ्यावा? कड्यातून अमोनाइट काढता येतात का? मिळाले तर साफ कसे करायचे? काही डोंबिवलीला आजीकडे न्यायचे आहेत. आणि मुलाचा प्रश्न: आजीच्या देवघरातला शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच का?"

मी बरीच वर्षं या किनाऱ्यावर अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे दगड झालेले वेटोळे शंख, गोळा करते आणि घरी ते दगडातून मोकळेही करते. तुमचा ऑगस्टचा दिवस वाया का गेला, इथूनच सुरुवात करते, कारण बाकीची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

उन्हाळ्यात समुद्र शांत असतो. शांत समुद्र किनाऱ्यावर वाळू आणि बारीक गोटे आणून टाकतो आणि खालचा जुरासिक चिखलाचा थर झाकला जातो. कडे कोरडे असल्यामुळे वरून नवा माल खाली येत नाही. आणि जो थोडाफार उघडा असतो, त्यावर रोज शेकडो माणसांची नजर फिरून गेलेली असते. त्या दिवसांत सराईत माणूसही रिकाम्या हाताने परततो. नोव्हेंबरपासून चित्र पालटतं. पाऊस कड्यांत मुरतो, दरडी खाली सरकतात, दक्षिण-पश्चिमेकडून वादळं येतात आणि लाटा एका रात्रीत वाळू ओढून नेतात. दरडीतून आलेला मऊ चिखल समुद्र धुऊन टाकतो आणि त्यातली जड, कठीण वस्तू मागे ठेवतो. खणायचं, धुवायचं, चाळायचं काम समुद्र करतो. आपल्याकडे उरतं ते वेळेवर तिथे असणं आणि नीट बघणं. म्हणून नाताळची सुट्टी ही तुमची उत्तम निवड आहे.

आता दिवस आणि वेळ. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग समजावून सांगावं लागत नाही, तोच हिशेब इथे लावायचा. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत ओहोटी सर्वांत खोल जाते, एरवी पाण्याखाली असणारा पट्टा उघडा पडतो. या किनाऱ्याची आणखी एक सोय म्हणजे उधाणाच्या दिवसांत खोल ओहोटी साधारण दुपारच्या सुमारास येते, म्हणजे भर उजेडात. तरी अंदाजावर जाऊ नका. शेजारच्या लाइम रीजिस गावाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं, ते आधी पाहा आणि मग राहण्याची खोली आरक्षित करा. ओहोटीच्या अडीच-तीन तास आधी किनाऱ्यावर उतरायचं, मागे सरकणाऱ्या पाण्याच्या मागोमाग खाली जायचं, आणि पाणी वळलं की आपणही वळायचं. डिसेंबरात चार वाजता अंधारून येतं, हेही ध्यानात असू द्या.

गाडीतळावर उभं राहिलं की समोर 'चार' नावाच्या नदीचं मुख, उजवीकडे म्हणजे पश्चिमेला ब्लॅक व्हेनचा कडा आणि त्यापलीकडे सुमारे तीन किलोमीटरवर लाइम रीजिस. डावीकडे स्टोनबॅरोचा कडा, आणि पुढे १९१ मीटर उंचीचा गोल्डन कॅप, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा सर्वांत उंच कडा. दोन्ही बाजूंना अमोनाइट मिळतात, पण स्वभाव वेगळा आहे. मुलाला घेऊन पहिल्या दिवशी नदीच्या मुखाच्या आसपास दोन्हीकडे थोडं-थोडंच जा. लाइमपर्यंत किनाऱ्याने चालत जायचा मोह होतो, पण मध्येच भरतीने गाठलं तर एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दरड अशी गत होते. शिवाय लाइमच्या बाजूला जुना कचरा डेपो २००८ च्या मोठ्या भूस्खलनात उघडा पडला, तिथे काच आणि गंजलेले पत्रे सापडतात. मुलासोबत तो भाग टाळलेलाच बरा.

धोक्याबद्दल स्पष्ट सांगते. हे कडे कधीही कोसळतात, पाऊस नसतानाही. १८३३ मध्ये मेरी ॲनिंगचा लाडका कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांसमोर दरडीखाली गेला आणि ती स्वतः थोडक्यात वाचली. ही तीच मेरी, जिने आणि जिच्या भावाने १८११-१२ मध्ये इथे इक्थिओसॉर शोधला, जिने १८२३ मध्ये प्लेसिओसॉरचा पूर्ण सांगाडा काढला (दोन्ही नामशेष झालेले समुद्री सरपटणारे प्राणी), आणि जिचं अख्खं आयुष्य याच कड्यांखाली गेलं. तिच्याइतका हा किनारा जाणणाऱ्या माणसालाही दरडीने इशारा दिला नव्हता. म्हणून कड्याच्या पायथ्याशी बसून डबा खायचा नाही, तिथे उभं राहून फोटो काढायचा नाही. दुसरा धोका चिखलाचा. पावसानंतर ब्लॅक व्हेनखाली चिखलाचे लोट येतात, वरून वाळलेले दिसतात आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत माणूस अडकतो. त्यांच्यावरून चालायचं नाही, वळसा घालायचा. अडचण आलीच तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं. आणि आनंदाची गोष्ट अशी की अमोनाइटही कड्यापासून दूर, पाण्याच्या बाजूलाच जास्त मिळतात.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. कड्यातून काढायचं नाही. हा किनारा २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि जमीनमालक, संग्राहक, संग्रहालयं यांनी मिळून इथे जीवाश्म गोळा करण्याची एक आचारसंहिता ठरवली आहे. सुटे पडलेले जीवाश्म उचलायला मोकळीक आहे, जागेवरच्या खडकात परवानगीशिवाय खणायला नाही. ही मोकळीक का आहे ते मुलाला जरूर सांगा: जे सुटून खाली आलं ते उचललं नाही तर पुढच्या काही भरत्यांमध्ये त्याची भुकटी होते. इथे गोळा करणं म्हणजे बऱ्याच अर्थी वाचवणं आहे. लाइमच्या पश्चिमेला मॉनमथ बीचवर मोठमोठ्या अमोनाइटांनी भरलेला चुनखडीचा फरसच आहे, काही वेटोळी परातीएवढी. तिथे एक दिवस नक्की जा, पण ते पाहायचे असतात. तो भाग राखीव निसर्गक्षेत्रात येतो, तिथे हातोडा लावायचा नाही.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. या विषयावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण नवखी माणसं इथेच चुकतात.

चार्मथला दोन प्रकारचे अमोनाइट मिळतात आणि ते दोन वेगळ्या पद्धतींनी शोधावे लागतात. पहिले पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचे: एक ते तीन सेंटिमीटरचे, पितळी किंवा काळपट-तांबूस, धातूसारखे चमकणारे. दुसरे कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतल्या मुख्य खनिजाचे, चुनखडीच्या गोळ्यांच्या आत बसलेले.

पायराइटचे कसे बनले ते समजलं की ते कुठे शोधायचे तेही समजतं. सुमारे एकोणीस-वीस कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी चिखल साठत होता. अमोनाइट मेला की शंख तळाशी जायचा. प्राणवायू नसलेल्या त्या चिखलातले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून सल्फाइड तयार करायचे, चिखलातलं लोह त्याला मिळायचं आणि शंखाच्या आतल्या बंद कप्प्यांत पायराइट जमायचं. बाहेरचा कप्पा, ज्यात प्राणी राहायचा, तो चिखलाने भरायचा आणि पुढे दबून चुरा व्हायचा. म्हणून तुम्हाला सापडणारा दोन सेंटिमीटरचा इवलासा अमोनाइट हे बहुतेक वेळा पिल्लू नसतं. मोठ्या शंखाची ती आतली वेटोळी असतात.

पायराइट साध्या गोट्याच्या जवळजवळ दुप्पट जड असतं. लाटा माल निवडतात तेव्हा हे जड तुकडे एकत्र येतात. म्हणून संपूर्ण किनारा विंचरत बसू नका. मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला, निळ्या-करड्या चिखलाच्या खाचांमध्ये, ओहोटीच्या रेषेजवळ गडद, गंजल्या रंगाची बारीक खडी साठलेली दिसते. कुठे फक्त सतरंजीएवढी जागा असते. त्या खडीत पायराइटच्या बिनआकाराच्या गुठळ्या आणि गंजके लाकडाचे तुकडे दिसले की थांबा. गुडघे टेकून खाली वाका, चेहरा जमिनीच्या जवळ न्या आणि हात न लावता आधी फक्त बघा. चमक शोधू नका, चमकणारं तिथे भरपूर असतं. शोधायच्या त्या शंखावरच्या, सारख्या अंतरावर असलेल्या उभ्या वळ्या. निसर्गात दगडावर इतकी नियमित ओळ सहसा आपोआप उमटत नाही. पहिला सापडायला तास लागतो. डोळा बसला की दुसरा आणि तिसरा त्याच हातभर जागेत मिळतो. मुलं यात मोठ्यांच्या पुढे असतात, त्यांची नजर जमिनीजवळ असते आणि धीरही, आपण समजतो त्यापेक्षा, जास्त असतो. हिवाळ्यातलं तिरपं ऊन समोरून किंवा बाजूने येईल असं बसा. वळ्यांची सावली पडते आणि अमोनाइट उठून दिसतो.

दुसरा प्रकार गोळ्यांचा. चिखल दबण्याआधीच काही शंखांभोवती चुना जमून कठीण गोळा बनला, त्यामुळे आतला अमोनाइट चपटा न होता जसाच्या तसा फुगीर राहिला. शेलमधले, म्हणजे दबून पापुद्रे झालेल्या चिखलाच्या खडकातले, अमोनाइट कागदासारखे चेपलेले असतात, गोळ्यातले पूर्ण उठावाचे. गोळा ओळखायचा तो बाहेरच्या आकारावरून: गुळगुळीत, करडा, भोवतालच्या गोट्यांपेक्षा जड, आणि बहुतेकदा चपट्या पावासारखा. तो उचलून त्याची कड सगळीकडून फिरवून बघा. कुठे तरी पांढऱ्या किंवा मधाच्या रंगाच्या कॅल्साइटची बारीक वक्र रेषा दिसते, किंवा दोन-तीन वळ्यांची टोकं डोकावतात. अशी खूण नसेल तर गोळा तिथेच ठेवा. प्रत्येक करडा दगड फोडत सुटलेली कुटुंबं दर सुट्टीत दिसतात. दिवसाअखेर त्यांच्याकडे ठिकऱ्या असतात आणि किनाऱ्यावर धारदार कपच्यांचा ढीग.

फसवणारी एक गोष्ट इथे भरपूर आहे. तंतुमय कॅल्साइटचे पट्टे, ज्यांना इथले लोक 'बीफ' म्हणतात. उभे तंतू पाहून ते जीवाश्म लाकूड वाटतं. ते जीवाश्म नाही. बंदुकीच्या गोळीसारखे बेलेम्नाइट मात्र खरे जीवाश्म आहेत, माकुळाच्या नातलगांच्या शरीरातला कठीण भाग. ऑगस्टमध्ये तुम्हाला मिळाले ते तुटके असले तरी टाकून देऊ नका.

आता हातोडा. घरातला खिळे ठोकायचा हातोडा किनाऱ्यावर नेऊच नका. त्याचं पोलाद दगडावर आपटण्यासाठी घडवलेलं नसतं, त्याच्या कपच्या उडतात आणि डोळ्यात जातात. भूशास्त्राचा अखंड पोलादी हातोडा घ्या, साधारण सातशे ग्रॅमच्या आसपासचा पुरतो, आणि मारणाऱ्याच्याच नव्हे तर शेजारी उभ्या असलेल्यांच्याही डोळ्यांवर गॉगल हवा. चालवायचा तुम्ही, मुलाने नाही. गोळ्याची आडवी शीर शोधा, तो वाळूवर कडेवर उभा धरून त्या शिरेवर नेमका घाव घाला. पण माझं ऐकाल तर ज्या गोळ्यात कॅल्साइटची रेषा स्पष्ट दिसते, त्यावर घाव घालूच नका. घाव अमोनाइटच्या बाजूने जाईल की मधून, याची खात्री कुणालाच देता येत नाही. तो तसाच घरी न्या. फुटलाच, तर सगळे तुकडे, अगदी नखाएवढे सुद्धा, एकाच पिशवीत भरा. फोडताना उडालेला तुकडा पाच मिनिटं शोधून मिळतो, घरी गेल्यावर कधीच मिळत नाही.

बाकी सामान थोडंच: गमबूट, वर्तमानपत्राची पानं, लहान झिप-पिशव्या, एक छोटी डबी आणि पेन्सिल. पेन्सिल का, ते पुढे.

सापडतील ते कोणते, हे ढोबळपणे ओळखायला चार-पाच नावं पुरेत. सर्वांत जास्त मिळतो तो प्रोमायक्रोसेरास, रुपयाच्या नाण्याएवढा, जाड वळ्या असलेला. वळ्या पाठीवरून जाताना चपट्या आणि रुंद होतात, बोट फिरवलं तरी कळतं. एकिओसेरासची वेटोळी खूप आणि सगळी दिसणारी, वळ्या सरळ आणि धारदार. ऑक्सिनोटिसेरास चपटा, कडेला सुरीसारखा धारदार. गोळ्यांमधला राजा ॲस्टेरोसेरास, पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, पाठीवर मधोमध उंच कणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पन्हळ. आणि स्टोनबॅरो ते सीटाउनच्या बाजूला अँड्रोजिनोसेरास, ज्याचे कप्पे हिरव्या कॅल्साइटने भरलेले असतात. तो पॉलिश केल्यावर इतका सुंदर दिसतो की अनेकांना पहिल्यांदा तो रंगवलेलाच वाटतो.

ही नावं नुसती पाठ करायची म्हणून नाहीत. अमोनाइट फार भराभर बदलत गेले आणि समुद्रभर पसरले, त्यामुळे थरात कोणता अमोनाइट आहे यावरून त्या थराचा काळ ठरवता येतो. जर्मनीच्या आल्बर्ट ओपेलने १८५६ ते ५८ मध्ये जुरासिक काळाचे असे अमोनाइटवार पट्टे पाडले, आणि आजही भूशास्त्रज्ञ जुरासिक खडकांचं वय सांगताना याच पद्धतीने बोलतात. चार्मथच्या कड्यांना याच कामासाठी लाभलेला माणूस म्हणजे विल्यम डिक्सन लँग. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली नोकरी संपवून तो १९३८ मध्ये चार्मथलाच राहायला आला. त्याआधीच त्याने इथला एकेक थर मोजून त्यांना क्रमांक दिले होते आणि आजचे संग्राहकही थरांची नावं घेताना तेच क्रमांक वापरतात. मला या किनाऱ्याबद्दल जो आदर वाटतो, त्यात या शांतपणे केलेल्या मोजणीचा मोठा वाटा आहे.

म्हणूनच पेन्सिल. ज्या अमोनाइटचं ठिकाण माहीत नाही तो शोभेची वस्तू उरतो. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाका: तारीख, ब्लॅक व्हेनखाली की स्टोनबॅरोखाली, नदीच्या मुखापासून अंदाजे किती अंतरावर, सुटा पडलेला की गोळ्यात, आणि कुणाला सापडला. पेन्सिलचं लिखाण ओल्या कागदावरही टिकतं, शाई पसरते. घरी आल्यावर वहीत क्रमांक घाला आणि तोच क्रमांक दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर बारीक लिहा. हे काम मुलाकडे सोपवा, नऊ वर्षांचा मुलगा ते मनापासून करतो.

आता साफसफाई, आणि त्यातच डोंबिवलीचा प्रश्न.

घरी आल्यावर सगळ्यांना आधी गोड्या पाण्यात ठेवा, समुद्राचं मीठ निघायला हवं. कॅल्साइटचे आणि गोळे काही दिवस ठेवले तरी चालतात, पाणी रोज बदलायचं. पायराइटचे दीर्घकाळ भिजत ठेवू नका: एक-दोन दिवस, पाणी बदलत, मऊ टूथब्रशने घासून, आणि मग पूर्ण, अगदी पूर्ण वाळवून. रेडिएटरजवळच्या खिडकीत आठवडाभर ठेवलं तर बरं. व्हिनेगर, लिंबू, बाथरूम साफ करायचं ॲसिड यातलं काहीही वापरू नका. कॅल्साइट त्यात विरघळतं.

पायराइटचा खरा शत्रू दमट हवा. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की पायराइट हळूहळू बदलतं, त्यातून लोहाचे सल्फेट क्षार आणि गंधकाम्ल तयार होतं. आधी पृष्ठभागावर पांढरट-पिवळसर भुकटी येते, उग्र वास येतो, मग चिरा पडतात आणि एक दिवस डबीत नुसती राख उरते. आम्ल खालची पुठ्ठ्याची डबी आणि चिठ्ठीसुद्धा खातं. सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की हा प्रकार जोर धरतो. डोंबिवलीला पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी-नव्वदपर्यंत असते. शोकेसमध्ये उघडा ठेवलेला पायराइटचा अमोनाइट तिथे किती पावसाळे काढेल, याची खात्री मी देणार नाही.

त्यामुळे आजीसाठी कॅल्साइटचा निवडा. गोळ्यातला प्रोमायक्रोसेरास किंवा ॲस्टेरोसेरास नीट वाळवून दिला तर मुंबईच्या हवेत त्याला काही होत नाही. पायराइटचाच द्यायचा हट्ट असेल तर घट्ट झाकणाची पारदर्शक डबी घ्या, आत सिलिका जेलची रंग बदलणारी पुडी आणि जमल्यास छोटं आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता पन्नासच्या खाली राहिली पाहिजे, जितकी कमी तितकी चांगली. दाण्यांचा रंग बदलला की त्यांना ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून परत ठेवायचं. वरून वार्निश किंवा नेलपॉलिश लावून काम भागेल असं अनेकजण सांगतात. लेप ओलावा थोडा उशिरा पोचवतो, थांबवत नाही. आणि आत आधीच ओल असेल तर ती कोंडून ठेवतो. संग्राहक पॅरालॉइड बी-७२ हा राळेसारखा पदार्थ ॲसिटोनमध्ये विरघळवून लावतात, कारण तो नंतर काढताही येतो. पण तोही कोरड्या डबीची जागा घेऊ शकत नाही.

गोळ्यातून अमोनाइट मोकळा करणं हा वेगळा हुन्नर आहे. हवेच्या दाबावर थरथरणाऱ्या सुईसारख्या हत्याराने, ज्याला एअर पेन म्हणतात, दगड कणाकणाने उडवायचा, आणि शंखाजवळ आल्यावर बारीक पूड फवारणाऱ्या यंत्राने शेवटचा थर काढायचा. या खडकात शंखावरून दगड चांगला सुटतो, म्हणून चार्मथचे अमोनाइट इतके देखणे निघतात. मोठ्या ॲस्टेरोसेरासला वीस-तीस तासही लागतात, कारण कण्याच्या शेजारच्या पन्हळीत हत्यार सरळ जात नाही, तिरपं धरून मिलिमीटर-मिलिमीटर पुढे सरकावं लागतं आणि एक घसट गेली तर ती कायमची राहते. ही हत्यारं खरेदी करण्याआधी एखाद्या अनुभवी माणसाकडून एक गोळा मोकळा करून घ्या आणि शक्य असेल तर तो करताना बघा. तोवर न फोडलेला गोळा घरात पडून राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर: हो. शाळिग्राम नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रात मिळतात. वर मुस्तांगच्या बाजूच्या काळ्या शेलमध्ये ते गोळे असतात, तिथून नदी त्यांना सोडवून आणते, आणि आतलं चक्र म्हणजे अमोनाइटचं वेटोळं. ते शेल जुरासिक काळाच्या उत्तरार्धातलं, साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वीचं. म्हणजे चार्मथचे अमोनाइट आजीच्या शाळिग्रामापेक्षा सुमारे चार कोटी वर्षांनी थोरले. दोन्हीकडे एकच गोष्ट घडली आहे, चिखलात शंखाभोवती गोळा जमला आणि पाण्याने तो मोकळा केला. मात्र आजीचा शाळिग्राम घासून, फोडून किंवा त्यावर काही लावून पाहायचा नाही, हे मुलाला प्रेमाने पण ठामपणे सांगा. तो ज्या श्रद्धेने पूजला जातो तिचा मान राखूनही त्याचं भूशास्त्र समजून घेता येतं. शेजारी चार्मथचा अमोनाइट ठेवून आजीलाच दोन्ही दाखवायला लावा.

तो सह्याद्रीत अमोनाइट मिळतील का असंही विचारेल. नाही मिळणार. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि अमोनाइट नामशेष झाले ते साधारण त्याच सुमारास. महाराष्ट्राला जवळचा जुरासिक समुद्र कच्छमध्ये आहे. तिथल्या अमोनाइटांचं पहिलं मोठं वर्णन विल्हेल्म वागेन याने १८७० च्या दशकात केलं, आणि ते जगभर अभ्यासले जातात. कच्छला गेलात तर पाहा, फोटो काढा. उचलण्याआधी स्थानिक भूशास्त्रज्ञांशी आणि जमिनीच्या मालकांशी बोला, आणि सीमेजवळच्या भागात जायला परवाने लागतात हे आधी तपासा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवते. किनाऱ्यावर हाडांची ओळ, कवटी किंवा दगडात जागेवर बसलेलं मोठं काही दिसलं, तर ओढून काढायचा प्रयत्न करू नका. शेजारी हातोडा किंवा बूट ठेवून फोटो घ्या, म्हणजे आकार कळेल. मागे वळून किनारा आणि कडा दिसेल असा आणखी एक फोटो घ्या, म्हणजे जागा कळेल. मग गाडीतळाजवळच्या चार्मथ हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये जाऊन दाखवा. ते जुन्या सिमेंट कारखान्याच्या इमारतीत आहे आणि प्रवेश मोफत आहे. महत्त्वाचे नमुने तिथे नोंदवले जातात, नोंद केली म्हणून ते तुमच्याकडून काढून घेत नाहीत. लहान-सहान सापडलेलंही तिथे दाखवायला लाजू नका, तिथली माणसं नाव सांगतात आणि त्या आठवड्यात किनाऱ्याचा कोणता भाग धुऊन निघाला आहे तेही. त्यांच्या मार्गदर्शित फेऱ्या असतात, पहिल्या सकाळी त्यातली एक घेतलीत तर तुमचे दोन दिवस वाचतील. फक्त हिवाळ्यात ते रोज उघडं नसतं आणि नाताळच्या आठवड्यात फेऱ्या लवकर भरतात, तेव्हा तारखा ठरवताना ओहोटीच्या वेळांसोबत तेही तपासून घ्या.